रस्त्याच्या अलीकडे मतदान, पलीकडे मैदान

कॅन्सस सिटीतून स्टेट लाइन रोड नावाचा रस्ता जातो. त्याच्या पूर्वेला मिझुरी राज्य, पश्चिमेला कॅन्सस. नकाशावर राज्यं दोन, रोजच्या व्यवहारात वस्ती एकच. घर एका बाजूला, नोकरी दुसऱ्या बाजूला, आणि सामन्याच्या दिवशी दोन्हीकडच्या अंगणांत चीफ्स या फुटबॉल संघाचे लाल झेंडे. या संघाचं स्टेडियम कुणाच्या पैशातून उभं राहावं, यावरून इथे मोठा वाद झाला. २ एप्रिल २०२४ रोजी मिझुरीतल्या जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी स्टेडियमसाठीचा कर नाकारला. २२ डिसेंबर २०२५ रोजी चीफ्सनं जाहीर केलं, की २०३१ च्या हंगामापासून आपण रस्त्यापलीकडे, कॅन्ससच्या वायंडॉट काउंटीत, ३ अब्ज डॉलर खर्चून बांधल्या जाणाऱ्या छताच्या स्टेडियममध्ये खेळू. त्यातला साठ टक्के खर्च कॅन्ससच्या करांवर उभारलेल्या रोख्यांतून व्हायचा आहे.

दोन्ही बाजूंना मराठी घरं आहेत. खालचे दीर आणि वहिनी मी कल्पिले आहेत. त्यांच्या तोंडचे आकडे आणि घटना सार्वजनिक नोंदीतल्या आहेत. वहिनी जॅक्सन काउंटीतल्या लीज समिटला राहतात, शाळेत गणित शिकवतात. भाऊजी कॅन्ससमधल्या ओलेथात इंजिनियर आहेत. चीफ्सचं नवं सरावकेंद्र त्यांच्याच गावात होणार आहे. माझा कौल वहिनींच्या बाजूनं आहे, हे आधीच सांगतो. भाऊजींचं म्हणणं मात्र सोपं करून मांडलेलं नाही, कारण ते सोपं नाहीच.

भाऊजी: वहिनी, सरळ विचारतो. शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेसदतीस सेंट, एवढाच कर होता. तेवढा नाकारून तुमच्या काउंटीनं साठ वर्षांचा संघ घालवला. हातात काय आलं?

वहिनी: तो कर आम्ही अजून भरतोय, भाऊजी. २००६ साली आम्हीच मतदान करून तो पंचवीस वर्षांसाठी लावून घेतला. चीफ्सचं ॲरोहेड आणि शेजारचं रॉयल्स संघाचं बेसबॉल स्टेडियम, दोन्हींचं नूतनीकरण झालं. साडेसत्तावन्न कोटी डॉलरचं काम, त्यातला मोठा वाटा या कराचा. त्याआधी १९६७ साली ही दोन्ही स्टेडियम बांधायला ४ कोटी ३० लाखांचे रोखे मंजूर केले, तेही इथल्या मतदारांनीच. म्हणजे दोनदा विचारलं, दोनदा 'हो' म्हटलं. तिसऱ्यांदा 'नाही' म्हटलं, तर लगेच आम्ही कद्रू?

भाऊजी: कद्रू नाही म्हणत. पण दर तोच होता ना? नवीन काहीच द्यायचं नव्हतं.

वहिनी: दर तोच, मुदत चाळीस वर्षं. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. तो कर फिटेपर्यंत ती पन्नाशी ओलांडणार. आणि हा कर दूध, कणीक, भाजी सगळ्यांवर लागतो. मिझुरीत राज्याचा कर किराण्यावर कमी आहे, पण स्थानिक कर पूर्ण पडतो. ज्या घरात पगारातला बराचसा पैसा किराण्यातच जातो त्या घराला तो जास्त लागतो. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तशा घरांतून येतात. त्यांच्यातल्या कुणी ॲरोहेडमध्ये बसून सामना पाहिल्याचं मी ऐकलेलं नाही.

भाऊजी: स्टेडियममध्ये बसून पाहत नसतील, पण संघ त्यांचाही आहे. तुम्ही त्या मुलांना विचारा, कोणत्या खेळाडूचा कितवा नंबर. मी इथे आलो तेव्हा ऑफिसात कुणाशी काय बोलावं कळायचं नाही. चीफ्समुळे बोलायला लागलो. २०२०, २०२३, २०२४, तीन वेळा सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला आपण. मिरवणुकीला लाखो माणसं रस्त्यावर होती. त्या गर्दीत मी कुठला, माझा उच्चार कसा, हे कुणी विचारलं नाही. याची किंमत तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिणार?

वहिनी: ही गोष्ट मी नाकारत नाही. मीही होते त्या मिरवणुकीत. लोकांच्या आनंदासाठी सरकारनं खर्च करूच नये असं मी कधी म्हणणार नाही. बाग बांधावी, ग्रंथालय बांधावं, पोहण्याचा तलाव बांधावा. पण सार्वजनिक ग्रंथालयाचा गल्ला एखाद्या घराण्याच्या खात्यात जमा होत नाही. इथे तिकिटं, वरच्या मजल्यावरच्या खास खोल्या, खाणंपिणं, नावाचे हक्क, सगळ्याचं उत्पन्न संघाचं. शिवाय २०२१ साली फुटबॉलच्या लीगनं दूरचित्रवाणीचे करार केले ते अकरा वर्षांचे, ११० अब्ज डॉलरच्या आसपास. तो पैसा बत्तीस संघांत वाटला जातो. ग्रीन बेचा संघ भागधारकांचा आहे म्हणून त्याचा हिशेब जाहीर होतो. २०२४ च्या हिशेबात या वाटणीतून त्याला ४० कोटी डॉलरहून जास्त मिळाले. बाकीच्यांच्या वाट्यालाही तेवढेच. एवढी मिळकत असलेल्या धंद्याला भिंती बांधायला माझ्या विद्यार्थ्यांच्या दुधावरचा कर लागतो?

भाऊजी: धंदा आहे, मान्य. पण धंदा गावात आला तर गावाला पैसा मिळतोच. कॅन्सस सिटी, मिझुरी हे शहर मिळकतीवर एक टक्का कर घेतं. करोडोंचा पगार घेणारे खेळाडू तो भरतात, पाहुण्या संघाचे खेळाडूही इथे खेळलेल्या दिवसांपुरता भरतात. राज्याचा आयकर वेगळा. हॉटेलं, पार्किंग, बांधकामावरचे मजूर... तुम्ही फक्त खर्चाची बाजू वाचता.

वहिनी: खेळाडूंच्या कराचा मुद्दा तुमचा खरा आहे, त्यांच्या पगाराचा पैसा बराचसा बाहेरून येतो. पण हॉटेलांचा मुद्दा घ्या. ओलेथातलं एक कुटुंब महिन्याला करमणुकीवर दोनशे डॉलर खर्च करतं. स्टेडियम आलं म्हणून त्यांचा पगार वाढत नाही. ते दोनशे सिनेमाऐवजी, गावातल्या उडप्याऐवजी स्टेडियमजवळच्या हॉटेलात जातात. कर तेवढाच, जागा बदलली. अर्थशास्त्रज्ञ नव्वदच्या दशकापासून हेच मोजत आलेत. नोल आणि झिंबालिस्ट यांचं पुस्तक १९९७ चं. २०१७ साली शिकागो विद्यापीठानं नामवंत अर्थशास्त्रज्ञांना विचारलं, की स्टेडियमच्या अनुदानात करदात्याचा खर्च स्थानिक फायद्यापेक्षा जास्त होण्याची शक्यता आहे का; ८३ टक्के 'हो' म्हणाले. हे लोक एरवी कशावर एकमत होतात, सांगा.

भाऊजी: अर्थशास्त्रज्ञ सरासरी सांगतात. मी तुम्हाला माझ्या घरापासून अर्ध्या तासावरचं उदाहरण देतो. तीस वर्षांपूर्वी वायंडॉट काउंटीच्या पश्चिमेला काय होतं? शेतं. कॅन्ससनं स्टार बाँड नावाचे रोखे काढले. पद्धत साधी आहे. एक हद्द आखायची. आज त्या हद्दीतून जेवढा विक्रीकर येतो तेवढा सरकारचा राहतो. प्रकल्पामुळे त्याच्यावर जो वाढीव कर जमा होईल, त्यातून रोखे फेडायचे. वाढ झाली नाही तर नुकसान रोखे घेणाऱ्याचं. राज्याची हमी नाही. मोटार शर्यतींचा ट्रॅक झाला, त्याभोवती व्हिलेज वेस्ट नावाची बाजारपेठ उभी राहिली, पुढे सॉकरचं स्टेडियमही तिथेच. व्हिलेज वेस्टचे रोखे मुदतीआधी फिटले. आज तिथे वाहनं ठेवायला जागा मिळत नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय, वहिनी.

वहिनी: झालंय. आणि तुमच्या डोळ्यांसमोर प्रेअरीफायरही झालंय. ओव्हरलँड पार्कमध्ये, याच रोख्यांवर, संग्रहालय आणि दुकानं. ते रोखे थकले. २०२१ साली कॅन्ससच्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षकांनी अशा प्रकल्पांची तपासणी केली, तर बाहेरून पर्यटक आणण्याचं जे उद्दिष्ट होतं ते बहुतेकांना गाठता आलेलं नव्हतं. एक प्रकल्प चालला म्हणून सगळे चालतील, असं माझ्या वर्गात कुणी गणितात लिहिलं तर मी खोडते.

भाऊजी: पण थकले तरी तोटा रोखेधारकाचा. माझ्या खिशातून काय गेलं?

वहिनी: इथेच सगळी मेख आहे, भाऊजी. 'वाढीव' म्हणजे काय? हद्द लहान असेल आणि आत मोकळं शेत असेल, तर वाढ प्रकल्पामुळे झाली असं म्हणता येईल. हद्दीत आधीच चालू असलेली दुकानं घेतली, तर दरवर्षी महागाईनं जो कर आपोआप वाढतो तोही 'स्टेडियममुळे वाढलेला' म्हणून मोजला जाणार. हॉटेलातलं जेवण महागलं तरी रोखे फिटणार. आणि हद्दीबाहेरचा माणूस आत येऊन जेवला, तर बाहेर जो कर जमा होऊन शाळांना मिळाला असता तो मिळणार नाही. तो तोटा कुठल्याच कागदावर दिसत नाही. २०२४ च्या कायद्यानं स्टेडियमसाठी या रोख्यांची मुदत तीस वर्षांपर्यंत नेली, खर्चाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत मर्यादा दिली, शिवाय लॉटरी आणि खेळांवरच्या सट्ट्याचं उत्पन्नही त्यात ओतायची सोय केली. आमचा साडेसदतीस सेंटचा कर पावतीवर दिसायचा. तुमचा दिसत नाही, म्हणून तुम्हाला तो नाहीच असं वाटतं.

इथे मला थोडं मधे बोलायचं आहे. अमेरिकेत फुटबॉलचे संघ बत्तीसच आहेत. मागणी असूनही संख्या वाढत नाही, कारण ती वाढवायची की नाही हे मालकच ठरवतात. एखाद्या संघाला गाव बदलायचं असेल तर बत्तिसांपैकी चोवीस मालकांची संमती लागते. त्यामुळे संघ नसलेलं एखादं शहर, किंवा शेजारचं राज्य, कायम दाराशी उभं असतं. चीफ्स स्वतः १९६३ साली डॅलसहून इथे आले, ते महापौर रो बार्टल यांनी मैदान वाढवून देण्याचं आणि हंगामी तिकिटं खपवून देण्याचं आश्वासन दिलं म्हणून.

संघीय सरकारनं १९८६ च्या करसुधारणेत स्टेडियमसाठी होणारा करमुक्त रोख्यांचा वापर आवरायचा प्रयत्न केला. रोख्यांची परतफेड स्टेडियमच्या उत्पन्नातून दहा टक्क्यांहून जास्त होत असेल, तर ते करमुक्त राहणार नाहीत असा नियम आला. अपेक्षा होती की सवलत मिळेनाशी झाल्यावर शहरं मागे हटतील. शहरांनी उलटंच केलं. सवलत टिकावी म्हणून त्यांनी स्टेडियमचं उत्पन्न संघाकडे सोडलं आणि परतफेड सामान्य करांवर टाकली.

आणि या दोन राज्यांचं तर विशेष वाईट वाटतं. अनेक वर्षं ती एकमेकांच्या कंपन्या करसवलती देऊन रस्त्याच्या पलीकडून अलीकडे ओढत होती. नोकऱ्या वाढत नव्हत्या, फक्त पत्ता बदलत होता. २०१९ साली दोघांनी शहाणपणानं तह केला. मिझुरीनं कायदा केला, कॅन्ससच्या राज्यपाल लॉरा केली यांनी आदेश काढला. एप्रिल २०२४ मध्ये जॅक्सन काउंटीनं कर नाकारला आणि जूनमध्ये कॅन्ससच्या विधिमंडळानं एक दिवसाचं विशेष अधिवेशन घेऊन स्टेडियमचा कायदा मंजूर केला. वर्षभरानं मिझुरीनंही विशेष अधिवेशन घेतलं आणि स्टेडियमच्या निम्म्या खर्चापर्यंत रोखे देऊ केले. एका संघासाठी तो तह गेला.

भाऊजी: लेखकानं हे सगळं सांगितलं, पण त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. नियम वाईट असेल. पण नियम आहे तोवर जो देत नाही त्याचं जातं. वहिनी, तुमच्या नकारानं मालकाचं काय बिघडलं? त्याला पलीकडे जास्त मिळालं. उद्या सगळ्या राज्यांनी मिळून ठरवलं की कुणीच द्यायचं नाही, तर मी पहिली सही करीन. एकट्या काउंटीनं हात वर करणं म्हणजे शेजाऱ्याला संघ भेट देणं.

वहिनी: दिलं तर राहतो, हे तरी खरं आहे का? सेंट लुइसनं दिलं होतं. १९९५ साली छताचं स्टेडियम उभं केलं, पूर्ण सरकारी पैशातून, आणि रॅम्स हा फुटबॉल संघ तिथे आला. २०१६ साली संघ लॉस एंजेलिसला निघून गेला आणि रोख्यांचे हप्ते शहर, काउंटी आणि राज्य पुढची काही वर्षं भरत राहिले. शेवटी खटला करावा लागला. लीग आणि रॅम्सच्या मालकानं ७९ कोटी डॉलर देऊन तो मिटवला.

भाऊजी: ते वाईट झालं. पण आपल्या मालकानं ॲरोहेडच्या ८० कोटींच्या नूतनीकरणात ३० कोटी घालायची तयारी दाखवली होती. रॉयल्स तर शहराच्या मध्यात नवं मैदान आणि भोवती पूर्ण वस्ती उभारणार होते, स्वतःचे एक अब्ज टाकून.

वहिनी: कुठे उभारणार, ते आम्हाला मतदानाच्या दोन महिनेही आधी सांगितलं नव्हतं. क्रॉसरोड्स भागात, म्हणजे चित्रकारांची दालनं आणि छोटी दुकानं आहेत तिथे. ओक स्ट्रीट बंद करणार की नाही, हे मतदान तोंडावर आल्यावर बदललं. माझा 'नाही' मुख्यतः त्यावर होता. चाळीस वर्षांचा करार आणि तपशील अर्धवट. काउंटीचे तेव्हाचे प्रमुख फ्रँक व्हाइट यांनी मतदान घेण्याच्या ठरावावर नकाराधिकार वापरला तोही याच कारणांनी. भाऊजी, तो माणूस तरुणपणी रॉयल्सच्या स्टेडियमच्या बांधकामावर मजूर होता. मग त्याच मैदानावर खेळला, आठ गोल्ड ग्लव्ह जिंकले. पुढे काउंटीचा प्रमुख झाल्यावर म्हणाला, हा सौदा लोकांच्या हिताचा नाही. काउंटीच्या सभागृहानं तो नकाराधिकार उलटवला. पण या माणसाला खेळावर प्रेम नाही, असं कुणी म्हणू शकेल का?

भाऊजी: त्याच व्हाइटना २०२५ मध्ये मतदारांनी पदावरून खाली खेचलं.

वहिनी: घरांच्या करमूल्यांकनावरून. तो राग वेगळा आणि मला विचाराल तर रास्त होता. म्हणून स्टेडियमवरचं त्यांचं मत चुकीचं ठरत नाही.

भाऊजी: आपल्याकडे भारतात तरी बरं. क्रिकेट संघटना बरीचशी मैदानं आपल्या पैशांनी बांधतात.

वहिनी: मैदान बांधण्यापुरतं ठीक. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क कितीतरी कमी केलं, तेही २०११ पासून मागे जाऊन. प्रकरण जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट स्पर्धेचा बंदोबस्त करणाऱ्या पोलिसांचा पगार नाशिक-नांदेडचा करदाता भरतो. रोखे नाहीत, इमारत नाही, म्हणून आपल्याला ते अनुदान वाटत नाही इतकंच.

भाऊजी: बरं, ते राहू द्या. मला एक सांगा. माझ्यापुढे मतपत्रिका आली असती तर मी 'हो'च म्हटलं असतं. सगळा हिशेब माहीत असून. मग माझं चुकलं का?

वहिनी: अजिबात नाही. तुमचा पैसा, तुमचं प्रेम, तुमचं मत. पण तुमच्यापुढे मतपत्रिका आलीच नाही, भाऊजी! आमच्या काउंटीत निदान विचारलं. सुमारे अठ्ठावन्न टक्क्यांनी 'नाही' म्हटलं, बेचाळीस टक्क्यांनी 'हो'. मग प्रश्न उचलून जिथे कुणालाच विचारावं लागत नाही अशा ठिकाणी नेला. डिसेंबरमध्ये विधिमंडळातल्या मोजक्या नेत्यांच्या समितीनं तुमच्या तीस वर्षांवर शिक्का मारला.

भाऊजी: ते नेते आपणच निवडून दिले ना? प्रत्येक रस्ता, प्रत्येक पूल मतदानाला टाकायचा म्हटलं तर राज्य चालणार कसं?

वहिनी: रस्त्यावरून कुणीही जातं, तिकीट लागत नाही. आणि रस्ता पलीकडच्या राज्यात पळून जायची धमकी देत नाही. खाजगी मालकाच्या धंद्यासाठी एका पिढीचा कर बांधायचा असेल, तर त्या पिढीला एकदा विचारायला किती वेळ लागतो? ओक्लाहोमा सिटीनं विचारलं. डिसेंबर २०२३ मध्ये, बास्केटबॉलच्या संघासाठी, किमान ९० कोटी डॉलरचं सभागृह, सहा वर्षं डॉलरमागे एक सेंट. संघ फक्त ५ कोटी देणार. माझ्या मते फार वाईट सौदा. पण एकाहत्तर टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. त्यावर मी तिथे असते तर गप्प बसले असते.

भाऊजी: म्हणजे तुमचा विरोध पैशाला नाही.

वहिनी: पैशालाही आहे. पण न विचारण्याला जास्त आहे.

भाऊजी: मग 'हो' कधी म्हणाल? तेही सांगा. नुसतं नको म्हणणं सोपं असतं.

वहिनी: सांगते. जागा आणि करार मतदानाच्या सहा महिने आधी छापून हातात द्या. कराची मुदत संघाच्या भाडेकरारापेक्षा एक दिवसही जास्त नको. संघ विकला तर वाढलेल्या किमतीत आमचा वाटा. मिनेसोटानं बेसबॉल आणि फुटबॉल या दोन्ही स्टेडियमच्या कायद्यांत तशी तरतूद केली होती, म्हणजे हे अशक्य नाही. आणि किराण्याला हात लावू नका. एवढं करा, मी घरोघर फिरून 'हो' मागेन.

भाऊजी: मालक यातलं एकही मान्य करणार नाही. पलीकडे कुणीतरी उभं असणारच.

वहिनी: सध्या पलीकडे तुम्हीच उभे आहात. ओलेथाच्या नगर परिषदेची सभा सगळ्यांना खुली असते. तिथे जा आणि विचारा, हद्द कुठपर्यंत आखली, आधीचा कर कोणत्या वर्षाचा धरला, आणि दरवर्षीचा हिशेब कुणी, कुठे जाहीर करायचा.

भाऊजी: विचारीन. पण सामने पाहायला जाईन, हे आत्ताच सांगून ठेवतो.

वहिनी: जा की. २०३१ पर्यंत तर ॲरोहेडलाच यायचंय तुम्हाला. तिथला कर मी भरतेच आहे.